आत्याबाईंचा टोंगळा आणि आमची हायड्रोलिक ट्रॉली

माझं लग्न एका टोंगळ्यापायी मोडलं. टोंगळा माझा नव्हता.

(गुडघ्याला आमच्या झाडीपट्टीत टोंगळा म्हणतात. गुडघा म्हटलं की नुसतं हाड वाटतं. टोंगळा म्हटलं की त्यात दुखणंसुद्धा आलं.) तो टोंगळा होता कुसुमच्या आत्याबाईंचा. आणि कुसुम म्हणजे जिच्याशी माझं लग्न व्हायचं होतं ती. लोक म्हणतात, श्रावण, चूक तुझी होती. लोकांना काय जातं म्हणायला! मी सगळं सांगतो, मग तुम्हीच सांगा माझी चूक कुठं होती ते. कुठंच नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. वडसा स्टेशनापासून आमचं गाव बैलगाडीनं अर्ध्या सकाळचं. गावात धान सगळ्यांकडे, ट्रॅक्टर फक्त आमच्याकडे. बानं तो एका मुरूमवाल्या ठेकेदाराकडून जुना घेतला होता, आणि त्याच्यासोबत ती हायड्रोलिक ट्रॉली आली. ड्रायव्हरच्या बाजूला एक दांडी. दांडी ओढली की ट्रॅक्टरातलं तेल पाइपातून ट्रॉलीखालच्या जॅकात जायचं, जॅक लांब व्हायचा, आणि ट्रॉलीचं तोंड वर, बूड खाली. मुरूम असो, शेणखत असो, आपोआप घसरून बाहेर. फावड्याचं काम नाही.

बाला या जॅकाचं इतकं वेड लागलं की विचारू नका. ट्रॉलीत धानाचं एकच पोतं असलं, तरी ते हातानं उचलायचं नाही.

"दांडी ओढ बे, श्रावण!"

"बा, एक तं पोतं हाय. मी खांद्यावर घेतो ना."

"मंग जॅक काय पुजाले आणला का?"

पुढं पुढं तर बा स्वतःच तसा उतरायला लागला. शेतावरून घरी आलो की मी मागचा फाळका (म्हणजे ट्रॉलीचं मागचं दार) काढायचा, दांडी थोडीशी ओढायची, आणि बा मांडी न मोडता सरकत सरकत खाली यायचा. खाली त्याच्यासाठी तणसाचा (म्हणजे धानाच्या पेंढ्याचा) ढीग कायम घातलेला असायचा. ढिगावर उतरला की तो धोतर झटकायचा आणि चहा मागायचा. गावातली म्हातारी माणसं ओट्यावर बसून हे पाहायची. कोणी हसत नसे. माणसानं उतरावं तर असं, हेच सगळ्यांचं मत होतं.

आता कुसुम. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, नाटक असतं, घरोघर पाहुणे येतात, आणि पाहुणे आले की सोयरिकी निघतात. एका मंडईत बांगड्यांच्या दुकानाशी ती मावशीसोबत उभी होती, सिंदेवाहीकडून आलेली. मी उगाच तिथून ट्रॅक्टर नेला. (उगाच कशाला! मुद्दामच नेला.)

"ट्रॅक्टर तुमचाच का जी?" तिनंच विचारलं.

"हो. हायड्रोलिकवाला हाय."

"म्हणजे कसा?"

झालं! मी पंपापासून सुरू केलं. तेल कुठून निघतं, कुठं जातं, जॅक कसा लांब होतो, सगळं हातवारे करून सांगितलं. शेवटी बांगडीवाला म्हणाला, "बाई, तुमी बांगड्या घेऊन राह्यल्या का ट्रॅक्टर?" ती इतकी हसली की हातातली बांगडी फुटली. आणि जाताना मला म्हणाली, "एक डाव दाखवा ना."

एक डाव दाखवा ना! माझ्या आयुष्याचा सत्यानाश या तीन-चार शब्दांत आहे.

मावशीच्या मध्यस्थीनं बोलणी निघाली. कुसुम पसंत होती, मीही पसंत होतो. आता एवढंच उरलं होतं की तिच्या घरच्यांनी आमचं घर पाहायला यायचं. दिवस ठरला पुढच्या मंडईचा. मावशीनं आधीच सांगून ठेवलं होतं, "पोरीचे बाबूजी नुसते नावाले हायेत. पोरीले आत्याबाईनं वाढवलं. त्या हो म्हणतीन तं हो, त्या नाई म्हणतीन तं नाई. त्याइले सांभाळा."

सांभाळा म्हणजे काय, ते बानं आपल्या पद्धतीनं ठरवलं.

"टेसनावर रेंगी पाठवू का?" माय म्हणाली. (रेंगी म्हणजे माणसं न्यायची छोटी बैलगाडी.)

"रेंगी? आपल्या घरी जॅकवाली ट्रॉली असून पाव्हण्याईले रेंगीत बसवाचं? कोणाच्या घरी पोरगी देऊन राह्यलो हे त्याइले समजलं पायजे का नाई?"

सकाळी ट्रॉली धुतली. तळाला तणस अंथरलं, त्याच्यावर नवीकोरी ताडपत्री. बसायला गादीसारखी मऊ, आणि गुळगुळीत इतकी की हात ठेवला तर हात निघून जाई. हे गुळगुळीतपण तेव्हा कोणाला खटकलं नाही.

माझा धाकटा भाऊ नामदेव मदतीला आला. धाकटा म्हणजे दिसायला साधा, बोलायला कमी, बैलांचा शौकीन. ट्रॅक्टरच्या जवळ तो सहसा येत नसे. हा नामदेव लक्षात ठेवा. मला तर विसरता येत नाही.

स्टेशनात छोटी गाडी (म्हणजे अरुंद रुळांवरची रेल्वे) आली. बाबूजी उतरले ते नखशिखांत पांढरे: धोतर पांढरं, सदरा पांढरा, टोपी पांढरी. मग छत्री घेतलेले कुसुमचे मामा. मग आत्याबाई, देह भरभक्कम, एक हात टोंगळ्यावर. आणि सगळ्यांच्या मागून कुसुम! घर पाहायला पोरगी येत नसते. पण "मंडई पाहाले आणली" असं आत्याबाईंनी कोणी न विचारताच सांगून टाकलं.

आत्याबाईंना ट्रॉलीत चढवणं म्हणजे सोपं काम नव्हतं. नामदेवानं स्टेशनावरच्या चहावाल्याचं स्टूल आणलं. मी वरून ओढलं, बाबूजींनी खालून ढकललं, मामांनी छत्रीनं दिशा दाखवली. आत्याबाई वर बसल्या आणि म्हणाल्या, "चढली बापा एकदाची. आता उतराचं कसं, ते तुमी पाहा."

आणि नामदेवानं स्टूल चहावाल्याला परत दिलं! "त्याचंच होतं ना, दादा," असं तो आजही म्हणतो. अरे, त्याचं होतं तर विकत घ्यायचं! तिथंच एक स्टूल घेतलं असतं तर आज मी बायकोवाला माणूस असतो.

घरी पोचलो. मंडईमुळं गाव माणसांनी फुललेलं. बा ओट्यावर नवा फेटा बांधून उभा. मी मोठ्या ऐटीत ट्रॉली उलटी घेतली आणि ओट्यासमोर, रोजच्या जागी लावली. कुसुम चाकावर पाय देऊन टुणकन खाली उतरली. बाकीचे तिघं ट्रॉलीतच.

"स्टूल कुठी हाय?" आत्याबाई.

"टेसनावर," नामदेव.

"मंग मले बी टेसनावर परत न्या. मी उडी माराची नाई."

बाच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी जन्मात विसरणार नाही. या क्षणासाठीच त्यानं जॅक घेतला होता.

"आत्याबाई, तुमाले पायच हालवाचं काम नाई! तुमी फक्त बसा. मी रोज असाच उतरतो. श्रावण, फाळका काढ. दांडी ओढ."

"भाऊ, हे काय करून राह्यले?" बाबूजींना थोडी शंका आली.

"हायड्रोलिक," बा म्हणाला. एवढ्यावर बाबूजींनी मान डोलावली. त्या काळी त्या शब्दापुढं कोणी बोलत नसे.

मी सीटवर बसलो. आता लक्षात घ्या, ड्रायव्हरचं तोंड पुढं असतं, ट्रॉली मागं असते. मागं तणसाचा ढीग आहे की नाही हे मला दिसणार कसं? रोज असायचा, म्हणून आजही असणार, असं मी समजलो तर त्यात माझी काय चूक? पण मायनं दुपारीच तो ढीग उचलून टाकला होता! "पाव्हण्याईच्या तोंडापुढे तणसाचा ढीग चांगला दिसते का?" म्हणून तिनं तिथं सडा टाकला, ताजं शेण घेऊन आंगण सारवलं आणि वरून रांगोळी काढली. रांगोळीत 'सुस्वागतम' लिहिलं होतं.

तरी मी मागं वळून पाहणार होतो. खरंच पाहणार होतो. पण तेवढ्यात कुसुम पुढं माझ्या बाजूला आली, दांडीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "हेच का ते?"

मग कोण मागं पाहतो!

मी दांडी ओढली. काहीच झालं नाही. ट्रॉली ढिम्म. कुसुम पाहत होती. मी आणखी ओढली.

"रेस दे बे!" बा ओरडला.

मी रेस दिली. इंजिन गरजलं, धूर निघाला. ट्रॉली तरीही ढिम्म.

"अजून दे! पाव्हणे बसून हायेत!"

मी पाय दाबला. आणि इतका वेळ कुठं अडून बसलं होतं कोण जाणे, ते सगळं तेल एकदम जॅकात गेलं. ट्रॉली थोडीशी उचलायची होती. ती थोडीशी, मग बरीच, मग पार उभी झाली. मी दांडी मागं ढकलली. दांडी जागची हलेना!

पहिल्यांदा आत्याबाई निघाल्या. त्यांनी आधाराला बाबूजींना धरलं, म्हणून बाबूजी निघाले. ताडपत्री दोघांसोबत निघाली, आणि त्यांनी आणलेला करंज्यांचा डबा सगळ्यांच्या पुढं. "माय वं!" एवढंच मला ऐकू आलं. ओल्या शेणावर पडल्यावर कोणी जागच्या जागी थांबत नसतं. ती सगळी मिरवणूक 'सुस्वागतम' पुसत पुसत ओट्याच्या पायथ्यापर्यंत गेली आणि बाच्या पायाशी जाऊन थांबली. बानं सवयीनं हात जोडले.

"या, या," तो म्हणाला.

आत्याबाई बाबूजींच्या अंगावर पडल्या. म्हणजे त्यांना फारसं लागलं नव्हतं. हे कोणी कधी लक्षातच घेत नाही.

आणि कुसुम हसली. तोंडावर पदर घेऊन, वाकून वाकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मी तिच्याकडे पाहून हसलो. जगात आम्ही दोघंच होतो. मग आत्याबाईंनी टोंगळा धरून जो टाहो फोडला, त्यानं तिचं हसू जागीच थांबलं. त्यानंतर मी तिला माझ्यासमोर हसताना पाहिलं नाही. दोघं मिळून हसलो ते तेवढं एकदाच. माझ्या वाट्याला तेवढंच आलं.

पण गोंधळ संपला नव्हता. मामा वर होते! त्यांनी घसरताना ट्रॉलीची पुढची कड पकडली होती आणि आता ते झाडाला वटवाघूळ लटकावं तसे लटकत होते, काखेत छत्री.

"मले उतरवा! अगा, मले उतरवा!"

"सोडा हात!" एक म्हणाला.

"सोडू नका, हाड मोडन!" दुसरा.

"खाली घे ना बे ट्रॉली!" बा.

"दांडी अडकली बा!"

"तं इंजन बंद कर!"

मी इंजिन बंद केलं. ट्रॉली तशीच उभी. तोवर सगळी मंडई आमच्या आंगणात आली होती. फुगेवाला दुकान सोडून आला, चिवडेवाला तर दुकान घेऊनच आला. मामांना धीर देणारी माणसं चिवडा खात खात धीर देत होती.

"इंजन बंद केलं तरी खाली काऊन येत नाई?" बानं विचारलं.

"जॅकात तेल कोंडलं हाय."

"तं सोड ना ते तेल! इतकं बी समजत नाई का?"

वडीलधाऱ्याचं ऐकणं ही माझी चूक झाली असेल, तर झाली. मी पाना घेतला आणि पाइपाचं नट ढिलं करायला वाकलो. बाबूजी तेवढ्यात शेण झटकत उठले होते आणि "पोरा, हे बंद कर," असं सांगायला माझ्या अगदी जवळ येऊन उभे राहिले होते. समोरून ते अजून पांढरेच होते.

नट निघालं. काळंभोर तेल पिचकारीसारखं सुटलं आणि टोपीपासून धोतरापर्यंत बाबूजींना जिथं पांढरं उरलं होतं तिथं तिथं लागलं. दुसऱ्या क्षणाला ट्रॉली धाडकन खाली आली. मामा उडाले, आणि पुन्हा ट्रॉलीतच पडले. काही झालं नाही त्यांना. छत्री तेवढी वाकडी झाली.

मी तेल गळणारा पाइप हातात धरून उभा होतो. तो सोडला तर आणखी तेल सांडणार, म्हणून सोडता येईना. आणि माझ्या डोळ्यांदेखत नामदेव पुढं झाला. त्यानं आत्याबाईंना पाठीवर घेतलं, ओसरीत नेलं, पाय धुतले आणि मोहाचं तेल कोमट करून टोंगळ्याला चोळत बसला. त्या दिवशी आमच्या घरात दोन तेलं निघाली. एक माझं, एक त्याचं.

मी दारात गेलो. म्हटलं, माफी मागावी.

"आत्याबाई, मी..."

"दूर राह्य! दूर राह्य बापा! याच्या हातात काई हाय का पाहा!" त्या ओरडल्या. मग नामदेवाकडे वळून एकदम मऊ आवाजात, "तुयं लगन झालं का रे, बापू?"

परत जाताना त्यांनी ट्रॅक्टरकडे पाहिलंसुद्धा नाही. नामदेवानं रेंगी जुंपली, आत्याबाईंना आमच्या घरच्या पाटावर पाय देऊन अलगद चढवलं आणि बैल इतके हळू हाकले, की पाहुणे बसल्या बसल्या झोपले म्हणे. (घरात पाट होता! हे त्या वेळी कोणाला आठवलं नाही. मलाही नाही, पण मी ड्रायव्हर होतो, पाटाचं मी कशाला पाहू?) कुसुम रेंगीच्या मागच्या बाजूला बसली होती. रेंगी वळेपर्यंत ती माझ्याकडे पाहत होती, की ट्रॉलीकडे, ते मला अजून कळलेलं नाही.

थोड्या दिवसांनी मावशी निरोप घेऊन आली. आत्याबाईंना घर पसंत होतं. घराणं पसंत होतं. पोरगी द्यायला त्या तयार होत्या. नामदेवाला.

मी बाकडे पाहिलं. वाटलं, थोरल्याचं व्हायचं असताना धाकट्याचं कसं करता, असं तरी तो विचारेल.

बानं बराच विचार केला आणि म्हणाला, "सोयरीक तं घरातच राह्यली ना! मंग नुकसान काय झालं?"

नुकसान काय झालं! कुसुमला कोणी विचारलं नाही. मलाही कोणी विचारलं नाही. नामदेवाला विचारलं, तर तो बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "तुमी म्हणान तसं." मला राग आला होता. अजून येतो. लोक म्हणतात, इतकी वर्षं झाली, सोडून द्या. मी म्हणतो, तुमची बायको तुमच्याच घरात दुसऱ्याची होऊन आली असती तर तुम्ही सोडून दिलं असतं का?

लग्नाला वऱ्हाड ट्रॅक्टरनंच न्यायचं, हा बाचा हट्ट. पोरीकडच्यांचा निरोप आला: ट्रॅक्टर चालेल, पण जॅक काढून. तो जॅक मी काढला. माझ्या हातानं, पान्यानं, एकेक नट. नवरदेवाची ट्रॉलीही मीच हाकली. वाटेत पोट्टे ओरडत होते, "डंपर आला, डंपर आला!" चांद्याच्या कोळसा खाणीत डंपर असतो, तो माल ओतून मोकळा होतो. ते नाव मला चिकटलं ते आजतागायत. मग माझ्यासाठी जिथं जिथं बोलणी लागली, तिथं तिथं आत्याबाईंचा कोणीतरी सोयरा आधीच जाऊन बसलेला असे. पोरीचा बाप मला एकच विचारायचा, "तुमीच का ते?" मग मी पोरी पाहणंच सोडलं. ट्रॅक्टरला जॅक मात्र पुन्हा बसवला. शेणखताला तर लागतोच ना.

आता रीत ऐका. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरा म्हणतात. भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याशी तोंडानं बोलायचं नाही. काही सांगायचंच असलं, तर मधे कोणालातरी घालून सांगायचं. म्हणजे जिला मी पंपापासून जॅकापर्यंत सगळं समजावलं, ती तेव्हापासून मला रोज भात वाढते आणि बोलते आमच्या बकरीशी. "बकरे, विचार, रस्सा पायजे का." मीही बकरीलाच सांगतो, नको म्हणून. किती बकऱ्या आल्या नि गेल्या. या घरात माझ्याशी सगळ्यात जास्त संसार बकऱ्यांनी केला.

बा गेला, माय गेली, आत्याबाई तर टोंगळ्यासकट केव्हाच गेल्या. आणि आता टोंगळा माझा सुरू झाला. यंदा पावसाळ्यात इतका सुजला, की नामदेवानं मला ट्रॉलीत घालून वडश्याच्या डॉक्टरकडे नेलं. चढवताना दवाखान्यातली चार माणसं लागली. घरी आलो, ट्रॉली आंगणात लागली, फाळका काढला, आणि मी कडेला येऊन खाली पाहिलं. पाय काही खाली जाईना.

"नामदेव, स्टूल आण."

"स्टुलावर टीवी ठेवला हाय, दादा."

"मंग पाट आण."

"पाट कुठी हाय, ते पाहा लागन," म्हणून तो आत गेला, आणि जो गेला तो गेलाच.

मी बसून राहिलो. कुसुम पदर ओढून आंगणात उभी होती, हाताशी बकरी. तिनं ट्रॉलीकडे पाहिलं, दांडीकडे पाहिलं. पदराआड काय चाललं होतं ते मला दिसलं नाही, पण खांदे हलत होते. बऱ्याच वेळानं तिनं बकरीच्या कानाशी वाकून, मला नीट ऐकू येईल अशा आवाजात विचारलं, "बकरे, भासऱ्याले इचार, दांडी ओढू का?"

मी खाली पाहिलं. आंगण सकाळीच सारवलेलं होतं. मी धोतर आवरून घेतलं, फाळक्याकडे पाय करून नीट बसलो आणि बकरीला म्हटलं, "ओढ म्हणाव. पण रेस देऊ नको म्हणाव."